सेवकाचे पुढारपण

रायपूर शहरातील तात्यापारा ही वस्ती तेथील मराठी कुटुंबांमुळे ओळखली जाते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडावर बसला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि त्यानंतरच्या काळात कारकुनी, पौरोहित्य, वकिली, शिक्षकी अशा निमित्तांनी मराठी माणसे या मुलखात येत राहिली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी मराठी घरे तेथेच राहिली. या तात्यापाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आणि मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या गावाचे नाव एका रेल्वेप्रवासामुळे कायमचे गोवले गेले आहे.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत एक तरुण मराठी कवी बसला होता. नारायण वामन टिळक हे त्याचे नाव. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण संस्कृतात चांगला व्युत्पन्न होता, कीर्तने व व्याख्याने करीत असे, आणि एका ठिकाणी फार दिवस टिकणे त्याच्या स्वभावात नव्हते. राजनांदगाव संस्थानात काही काम मिळेल अशा आशेने तो निघाला होता. त्याच डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले, ते धर्मापर्यंत गेले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही हकीकत मराठी वाचकांस बहुधा परिचित असते. ती ज्या गावाशी निगडित आहे त्या गावाची राज्यव्यवस्था मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. नांदगाव संस्थानचे अधिपती वैष्णव बैरागी महंत होते. मूळची रीत अशी की महंताने अविवाहित राहावे आणि त्याच्यामागे त्याच्या चेल्याने गादीवर बसावे. पुढे ही गादी वंशपरंपरेने चालू लागली, तरी राज्यकर्त्याच्या नावामागील ‘महंत’ हा शब्द टिकून राहिला. टिळक तेथे गेले तेव्हा राजा बलरामदास गादीवर होते. या व्यवस्थेत चेला गुरूच्या मागे चालतो, गुरूची सेवा करतो, आणि कालांतराने गुरूच्या जागी बसतो. शिष्यत्व हे अशा रीतीने गादीकडे जाणारा रस्ता ठरते. नांदगावचे हे वैशिष्ट्य आहे असे मुळीच नाही. मठ, आखाडे, घराणी, राजकीय पक्ष आणि सरकारी कचेऱ्या यांतही हाताखाली राबण्याचा काळ ही वरच्या जागेची पूर्वतयारी समजली जाते. आज वाकावयाचे ते उद्या इतरांस वाकविता यावे म्हणून.

टिळकांच्या हाती पडलेल्या पुस्तकात शिष्यांनी नेमकी हीच अपेक्षा बाळगलेली दिसते. जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान येशूकडे येऊन मागणी करतात की, तुझ्या राज्यात आम्हां दोघांना तुझ्या उजव्या व डाव्या बाजूस बसू दे. बाकीचे दहा शिष्य हे ऐकून संतापतात, आणि त्यांच्या संतापाचे कारण आध्यात्मिक नसावे हे सहज कळते. येशूचे उत्तर थोडक्यात असे आहे : परराष्ट्रीयांचे अधिपती प्रजेवर सत्ता गाजवितात, तुमच्यात तसे नसावे; ज्याला मोठे व्हावयाचे असेल त्याने सेवक व्हावे, कारण स्वतः मनुष्याचा पुत्रही सेवा करून घेण्यासाठी आलेला नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळचा प्रसंग येतो. येशू उठतो, अंगावरची वस्त्रे उतरवून कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी घेतो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो.

या प्रसंगाचा धक्का मराठी वाचकास बसावा यासाठी फारशा टीपांची गरज नाही. पाय धुण्याची दिशा आपल्याकडे ठरलेली असते. शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो, वधूपिता जावयाचे पाय धुतो, यजमान अतिथीच्या पायांवर पाणी घालतो. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये हे काम घरातील गुलामाकडे असे. दोन्हीकडे पाणी खालून वर जाते. भोजनाच्या त्या खोलीत ते वरून खाली आले, आणि त्यामुळेच पेत्राने पाय मागे घेतले. पेत्राच्या या नकाराकडे भाष्यकार अनेकदा विनय म्हणून पाहतात. परंतु त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. ज्याला पुढे पुढारी व्हावयाचे आहे त्याला दुसऱ्याकडून सेवा घेणे अवघड जाते, कारण सेवा घेणारा काही क्षण तरी दुसऱ्याच्या हाती असतो. येशू पेत्रास सांगतो की, मी तुला धुतले नाही तर माझ्याशी तुझा संबंध नाही. देण्याच्या आधी घेण्यास शिकावे लागते, हा या प्रसंगाचा कमी बोलला जाणारा अर्थ होय.

मंडळीच्या कारभारात ही शिकवण कशी उतरली हे पाहू गेल्यास शब्दांचा इतिहास उद्बोधक ठरतो. ग्रीक भाषेत ‘डायकोनोस’ म्हणजे पंक्तीत वाढणारा, निरोप पोहोचविणारा चाकर. यावरूनच ‘डीकन’ हे मंडळीतील पद निघाले. मराठी बायबलात त्यासाठी ‘सेवक’ हा शब्द आहे, आणि देखरेख करणाऱ्यासाठी ‘अध्यक्ष’ असा शब्द आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मोपदेशकास ‘पाळक’ म्हणतात. मेंढपाळाच्या कामावरून आलेला हा शब्द पुढे मानाचा झाला. लॅटिनमधील ‘मिनिस्टर’ याचाही अर्थ चाकर असाच होता. आज तो ऐकला की लाल दिव्याची गाडी आठवते. सेवेसाठी योजलेले शब्द एकामागून एक पदव्या होत जातात, आणि मग खऱ्या चाकरासाठी नवा शब्द शोधावा लागतो.

छत्तीसगडातच याचे एक ठळक उदाहरण घडले. जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर हे १८६८ मध्ये रायपूरला आले आणि त्यांनी शहराच्या उत्तरेकडे बिश्रामपूर ही वसाहत स्थापन केली. सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन मिशनने विकत घेतली. तेथे येऊन राहिलेल्यांत आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांत सतनामी शेतकरी पुष्कळ होते. लोर यांचा हेतू प्रामाणिक होता, त्यांनी शाळा काढली, औषधोपचार केले. परंतु जमीन विकत घेतल्याबरोबर मिशनरी हा त्या गावाचा मालगुजारही झाला. मालगुजार म्हणजे कुळांकडून खंड वसूल करणारा, सरकारात सारा भरणारा, गावच्या भांडणतंट्यांत ज्याचा शब्द चालतो असा धनी. रविवारी उपासनेत जो पाळक सेवेचा उपदेश करी, तोच सोमवारी जमिनीचा मालक असे. अशा माणसाने कुळाचे पाय धुतले तरी कुळाला काय वाटेल, हे सांगणे कठीण आहे. तो पाय मागे घेईल. मात्र पेत्राने घेतला त्या कारणासाठी नव्हे. मिशनऱ्यास ‘माय-बाप’ म्हणणारी मंडळी त्याच्याकडून धान्य, जमीन, शाळा, औषध सर्व काही घेत होती, पण मिशनऱ्याला मंडळीकडून काही घेण्याची गरजच पडत नव्हती. मध्य प्रदेशातील मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. तोवर पाळकपण आणि धनीपण ही दोन नाती एकाच माणसाच्या ठायी नांदत असल्याच्या आठवणी पिढ्यांच्या मनात मुरलेल्या होत्या.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये जमिनीचा प्रश्न या स्वरूपात नव्हता. तेथे प्रश्न पगाराचा होता. बाप्तिस्म्यानंतर टिळक नगरला आले, तेथील धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये निघालेल्या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. मिशनरी त्यांचा मान राखीत. तरीही उपदेशक, शिक्षिका, बायबल वाचून दाखविणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे पगार अमेरिकेतून येणाऱ्या पैशांतून होत, आणि कोणास कोठे नेमावयाचे हे मिशन ठरवी. टिळकांना याची बोच होती. परकीय पैशावर चालणारी सेवा ही हिंदी लोकांस नोकरी वाटते, आणि सेवकालाही ती हळूहळू नोकरीच वाटू लागते, असे त्यांचे मत बनत गेले. हीच वेदना थोड्या वेगळ्या रीतीने व्ही. एस. अझरिया यांनी १९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत बोलून दाखविली. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल हिंदी मंडळी ऋणी राहील, पण तिला मैत्रीही हवी आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. दोनच वर्षांनी अझरिया हे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यागाने उपकार करता येतात. मैत्रीसाठी मात्र दोन्ही बाजूंनी देवघेव असावी लागते.

टिळकांच्या स्वतःच्या घरात याची कसोटी आधीच लागलेली होती. त्यांच्या बाप्तिस्म्याची वार्ता येताच पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरास. पुढे त्या नगरला आल्या तेव्हाही त्यांची चूल, त्यांचे पाणी वेगळे होते. पतीच्या मागोमाग जाणे हा त्या काळच्या स्त्रीचा धर्म मानला जाई, आणि टिळकांचा स्वभाव तापट होता. तरी या एका बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार स्वतःच्या बुद्धीने केला, देवाने माणसे केली, जाती केल्या नाहीत या निष्कर्षास त्या स्वतःच पोचल्या, आणि मगच कोणाच्याही हातचे खाण्यास तयार झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, म्हणजे पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी. अनुयायी होणे आणि आज्ञाधारक होणे यांतला फरक या पाच वर्षांत जितका स्पष्ट दिसतो तितका एखाद्या ग्रंथात क्वचितच दिसेल. जो मागून येतो त्याला थांबण्याचा, प्रश्न विचारण्याचा, वेगळी चूल मांडण्याचा अधिकार आहे हे पुढे चालणाऱ्याने मान्य करावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात (त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला) या नात्याची दुसरी बाजूही निर्मळ विनोदाने आली आहे. टिळक उदार होते, आणि त्यांच्या औदार्याचा खर्च घराला भरावा लागे. घरखर्चासाठीचे पैसे वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन ते मोकळे होत. अनाथ मुले घरी आणून ठेवीत. मुलांना जेवू घालणे, त्यांची दुखणी काढणे हे काम लक्ष्मीबाईंचे. सेवक म्हणून ज्याचे नाव होते त्याच्या सेवेचा भार प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर असतो, ही गोष्ट धार्मिक चरित्रांत सहसा झाकली जाते. लक्ष्मीबाईंनी ती तक्रारीचा सूर न काढता, पण अगदी उघडपणे लिहून ठेवली, हा त्यांचा मराठी मंडळीवर मोठा उपकार आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला, साताऱ्यास जाऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक भ्रातृमंडळ सुरू केले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्वच येऊ शकत होते. पगार नाही, पदवी नाही. संन्याशाप्रमाणे जगावयाचे आणि जे मिळेल ते वाटून खावयाचे. टिळकांच्या मनावर वारकरी संतांचे, विशेषतः तुकारामांचे संस्कार खोल होते, आणि तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत. म्हणून या दरबाराची कल्पना समजून घेण्यास पाश्चात्त्य मठांपेक्षा फडावरचा सप्ताह अधिक उपयोगी पडतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. ज्याच्या गळ्यात वीणा तो उभा, आणि लोक त्याच्या पाया पडतात. पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि आता त्याच्या पाया पडतो. मान वीणेबरोबर पुढे जातो, माणसापाशी राहत नाही. वीणा घेण्याइतकीच ती देण्याचीही रीत असते, आणि गावातील कोणीही भाविक ती घेऊ शकतो.

टिळकांच्या दरबारात वीणा दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ येण्यापूर्वीच ते गेले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि तो त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. दोन वर्षांच्या प्रयोगावरून कठोर निर्णय देणे योग्य नव्हे. परंतु एवढे दिसते की, तो टिळकांच्या वाणीवर, त्यांच्या कवित्वावर आणि त्यांच्या विलक्षण आकर्षणावर उभा होता. पगार सोडणे त्यांना जमले. स्वतःवाचून चालेल अशी व्यवस्था उभी करणे हे त्याहून कठीण काम होते, आणि त्याला अवधी मिळाला नाही.

त्यांच्याच काळात पुणे जिल्ह्यातील केडगावी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हे कठीण काम बऱ्याच अंशी साधले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुली व स्त्रिया केडगावी घेऊन आल्या. मुक्ति मिशनमध्ये या मुलींना लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती, छपाई असे शिक्षण मिळाले. रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले ते अशा स्त्रियांसाठी. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात त्यांच्याच हातून झाली. मदत घेण्यास आलेली मुलगी काही वर्षांनी दुसऱ्या मुलीस शिकवू लागे. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने हे काम पुढे चालवावे असे ठरले होते, पण ती १९२१ मध्ये आईच्या आधीच वारली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. तरी मुक्ति मिशन बंद पडले नाही. शंभराहून अधिक वर्षे ते चालू आहे. वारस गेला, पण शिकवलेले हात शेकडो होते.

‘सेवक-नेतृत्व’ हा शब्दप्रयोग अलीकडे ख्रिस्ती मंडळीबाहेरही पुष्कळ ऐकू येतो. त्याचा उगम रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन लेखकाच्या १९७० मधील एका निबंधात आहे. ग्रीनलीफ यांनी आयुष्याचा मोठा काळ एका प्रचंड टेलिफोन कंपनीत घालविला होता आणि ते क्वेकर पंथाचे होते. हर्मन हेसे यांच्या एका कादंबरीतील लिओ नावाचा नोकर त्यांच्या मनात भरला. यात्रेकरूंचे सामान वाहणारा, गाणी म्हणणारा लिओ एके दिवशी निघून जातो आणि यात्रा मोडते. पुढे कळते की तोच त्या संघाचा प्रमुख होता. ग्रीनलीफ यांची कसोटी साधी आहे : ज्यांची सेवा केली ते अधिक स्वतंत्र, अधिक शहाणे, आणि स्वतः सेवा करण्यास अधिक समर्थ झाले का? व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत मात्र या विचाराचे पुष्कळदा कामगारांकडून अधिक काम काढून घेण्याच्या युक्तीत रूपांतर झालेले आढळते. गोड बोलणारा धनी तो शेवटी धनीच.

मंडळीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. छत्तीसगडातील जुन्या मिशनच्या मंडळ्याही या प्रवाहात आल्या आणि रायपूर हे धर्मप्रांताचे ठिकाण झाले. परदेशी मिशनरी गेले, आणि त्यांच्या खुर्च्यांवर भारतीय पाळक व बिशप बसले. खुर्ची तीच राहिली की गंगाळ आणि रुमाल पुढे आला, हे त्या त्या गावच्या मंडळीने आपल्या अनुभवावरून ठरवावयाचे आहे. पवित्र आठवड्यातील गुरुवारी अनेक मंडळ्यांत पाय धुण्याचा विधी होतो. रोमन कॅथलिक मंडळीत २०१६ पासून त्यात स्त्रियांचेही पाय धुण्यास मुभा मिळाली. विधीत बसणारे आधी घरून पाय धुऊनच येतात, अशी विनोदाने केली जाणारी टीका त्यांनाही ठाऊक असते.

टिळकांनी मरणापूर्वी ‘ख्रिस्तायन’ या नावाने येशूचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि ग्रंथ अपुरा राहिला. तो लक्ष्मीबाईंनी हाती घेतला. पतीकडून लिहिणे-वाचणे शिकलेल्या, संस्कृताचा गंध नसलेल्या या बाईंनी त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. टिळकांची पंडिती भाषा त्यांनी उसनी घेतली नाही. आपल्या बायकी, घरगुती, जात्यावर बसल्यासारख्या मराठीत त्या ओव्या लिहीत गेल्या, आणि अखेरचा राहिलेला भाग मुलगा देवदत्त यांनी पुरा केला.